डॅफ्नेची रेबेका

दुजवराला दिलेल्या मुलीचं दुःख आपल्याकडच्या जुन्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. सासरी पाऊल टाकल्यापासून तिची तुलना सुरू व्हायची. पहिलीच्या हाताला काय चव होती, पहिली किती देखणी होती, पहिलीनं घर कसं ठेवलं होतं... गेलेल्या माणसाचे दोष कुणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे पहिली दिवसेंदिवस मोठी होत जायची आणि दुसरी मात्र आपल्याच घरात पाहुणीसारखी अंग चोरून वावरायची. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. मेलेल्या सवतीशी कसं भांडणार?

नेमक्या याच दुखण्यावर इंग्लंडमधल्या एका लेखिकेनं १९३८ साली एक कादंबरी लिहिली. तिचं नाव 'रेबेका'. वाचणारीला रात्री झोप लागू नये अशी ही रहस्यकथा. इतकी वर्षं झाली, पण ती बाजारातून कधी नाहीशी झाली नाही. हॉलिवूडनं तिच्यावर सिनेमा काढला, त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडेही तिच्यावरून हिंदी सिनेमा निघाला. या लेखिकेचं नाव डॅफ्ने ड्यु मॉरिए. आपल्या गोष्टीचा सिनेमा होताना तिच्यातलं काय उरतं आणि काय निसटतं, याचा अनुभव डॅफ्नेइतका फार थोड्या लेखिकांच्या वाट्याला आला असेल.

नाटकवाल्यांच्या घरातली मुलगी

डॅफ्नेचा जन्म १३ मे १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. घर नाटकवाल्यांचं. वडील जेराल्ड हे त्या काळातले गाजलेले नट. 'पीटर पॅन' हे मुलांचं प्रसिद्ध नाटक १९०४ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा त्यातल्या कॅप्टन हुकचं काम त्यांनीच केलं होतं. आई म्युरिएल हीसुद्धा नटी. आजोबा जॉर्ज व्यंगचित्रकार आणि कादंबरीकार. त्यांची 'ट्रिल्बी' ही कादंबरी एके काळी घराघरात वाचली गेली होती.

घरात तीन मुली. अँजेला थोरली, डॅफ्ने मधली, जीन धाकटी. वडिलांना मुलगा हवा होता आणि ते मधलीला पुरतं माहीत होतं. मग तिनं काय करावं? स्वतःसाठी एक मुलाचं नाव घेतलं, मुलांसारखे कपडे घातले आणि कित्येक वर्षं मनातल्या मनात ती तो मुलगा होऊन जगली. शाळेत फारसं न जाता घरीच शिक्षिकेकडे शिकली. माणसांच्या गर्दीत ती कावरीबावरी व्हायची. घरात रोज मोठमोठ्या नटनट्यांचा राबता, पार्ट्या, हसणं-खिदळणं आणि ही मुलगी पुस्तक घेऊन कोपऱ्यात. पाहुणे आले की पळून जावंसं वाटणं हे तिला आयुष्यभर चिकटलं. पुढे तिच्या सगळ्यात गाजलेल्या नायिकेलाही ते तिनं जसंच्या तसं देऊन टाकलं.

१९२६ मध्ये ड्यु मॉरिए कुटुंबानं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फोई गावासमोर नदीकाठी एक घर घेतलं. समुद्र, कडे, होड्या, धुकं. डॅफ्नेला वाटलं, आपण इथल्याच! लंडनला परतायचं तिच्या जिवावर यायचं. त्याच भागात फिरताना तिला झाडीत दडलेलं एक मोठं, जुनं, रिकामं घर सापडलं. मेनाबिली. मालक रॅशले घराणं. घराला कुलूप, भिंतींवर वेली चढलेल्या. ती चोरून आत शिरायची आणि खिडक्यांतून डोकावायची. त्या घरानं तिला असं काही झपाटलं की विचारू नका.

नदीकाठच्या घरात राहून तिनं लिहिलेली पहिली कादंबरी १९३१ मध्ये आली. ती वाचून सैन्यातला एक मेजर एवढा भारावला की आपली बोट घेऊन थेट फोईला आला. फ्रेडरिक ब्राउनिंग त्याचं नाव, घरचे त्याला टॉमी म्हणत. १९३२ च्या जुलैत दोघांचं लग्न झालं. पुस्तक वाचून नवरा चालत, नव्हे पोहत्या बोटीतून दारात आला, असं भाग्य किती लेखिकांना मिळतं?

इजिप्तच्या उकाड्यात

लग्नाची गोष्ट वाचायला गोड, पण संसार हा संसारच असतो. टॉमी शिस्तीचा, रुबाबदार. पण पहिल्या महायुद्धानं त्याच्या मनावर ओरखडे काढले होते आणि रात्री त्याला भयंकर स्वप्नं पडत. १९३६ मध्ये त्याची नेमणूक इजिप्तला झाली आणि डॅफ्नेला अलेक्झांड्रियाला जावं लागलं. कमांडिंग ऑफिसरची बायको म्हणजे आल्यागेल्याचं स्वागत, जेवणावळी, इतर अधिकाऱ्यांच्या बायकांशी गप्पा. हे सगळं तिला मुळीच जमेना. उकाडा असह्य आणि मन सारखं कॉर्नवॉलच्या पावसात. १९३७ च्या एप्रिलमध्ये दुसरी मुलगी झाली. पुन्हा इजिप्तला जाताना दोन्ही लेकी इंग्लंडमध्ये आजीकडे ठेवाव्या लागल्या.

आणखी एक सल होता. टॉमीचं आधी एका मुलीशी लग्न ठरलं होतं आणि मोडलं होतं. ती मुलगी देखणी, टापटीप, चारचौघांत उठून दिसणारी. तिची जुनी पत्रं डॅफ्नेच्या हाती लागली होती, असं चरित्रकार सांगतात. आडनावाचं पहिलं अक्षर मोठं झोकदार काढलेली तिची सही. ते अक्षर होतं इंग्रजी आर. झालं! आपला नवरा मनातून अजून तिचाच तर नाही ना, हा किडा डोक्यात शिरला. प्रत्यक्षात तसं काही होतं का, हा प्रश्न वेगळा. मत्सराला पुरावा कुठे लागतो?

त्या उकाड्यात तिनं लिहायला घेतलं. पहिले पंधरा हजार शब्द लिहिले आणि आवडले नाहीत म्हणून सरळ फेकून दिले. १९३७ च्या अखेरीस इंग्लंडला परतल्यावर पुन्हा बसली आणि चारेक महिन्यांत कादंबरी हातावेगळी केली. कथेतल्या मोठ्या घराला नाव दिलं मँडर्ली. ते घर म्हणजे तिचं मेनाबिलीच, शेजारी समुद्र आणून ठेवलेलं.

कथा अशी. एका श्रीमंत बाईच्या हाताखाली पगारी सोबतीण म्हणून राहणारी एक गरीब, बुजरी मुलगी. तिची गाठ पडते मॅक्सिम द विंटर या विधुर जमीनदाराशी. तो तिला मागणी घालतो, लग्न होतं आणि ती मँडर्लीत येते. पण घरभर राज्य आहे ते मेलेल्या पहिल्या बायकोचं, रेबेकाचं. तिची खोली तशीच ठेवलेली. तिचे कपडे, तिचे ब्रश, तिचं नक्षीदार अक्षर. रेबेकाला लहानपणापासून सांभाळलेली मिसेस डॅन्व्हर्स नव्या मालकिणीला क्षणोक्षणी जाणवून देते की तू तिच्या पायाच्या नखाचीही सर करणार नाहीस. नव्या बायकोची खात्रीच पटते की नवऱ्याचा जीव अजून रेबेकातच आहे. आणि मग एके दिवशी समुद्रात बुडालेली रेबेकाची होडी सापडते...

गंमत म्हणजे या नव्या बायकोला कादंबरीभर नावच नाही! डॅफ्नेला आधी नाव सुचेना आणि पुढे नावाशिवाय गोष्ट सांगण्यातच तिला मजा वाटू लागली. पण वाचणारीला वाटतं, बरोबरच आहे. जिच्या नावाची घरात कुणाला गरजच नाही, तिला नाव कशाला?

पुस्तक ऑगस्ट १९३८ मध्ये बाजारात आलं. पहिली आवृत्ती वीस हजारांची आणि महिन्याभरात खप त्याच्या दुपटीच्याही पुढे गेला. प्रकाशकानं ती प्रेमकथा म्हणून विकली. डॅफ्नेला मात्र ते पटलं नाही. तिच्या लेखी ती मत्सराची गोष्ट होती.

हिचकॉक आणि सेल्झनिक

आता सिनेमाकडे वळू. डॅफ्नेची 'जमैका इन' ही चोरट्या दर्यावर्दींची कादंबरी १९३६ मध्ये आली होती. तिच्यावर आल्फ्रेड हिचकॉक या इंग्लंडच्या आघाडीच्या दिग्दर्शकानं १९३९ मध्ये सिनेमा काढला. कादंबरीतला खलनायक गावचा पाद्री. पण अमेरिकेत पाद्र्याला खलनायक दाखवायला मनाई, म्हणून त्याच्या जागी आला एक जमीनदार. ते काम चार्ल्स लॉटन या बड्या नटाकडे आणि सिनेमाच्या निर्मितीतही त्याचा हात. मग काय, त्याचं काम फुगत गेलं आणि रहस्य पार पातळ झालं. डॅफ्नेला हा सिनेमा अजिबात आवडला नाही. त्यामुळे 'रेबेका'सुद्धा त्याच हिचकॉककडे जातेय हे कळल्यावर तिच्या पोटात गोळा आला नसता तरच नवल.

पण या वेळी मध्ये एक माणूस होता. हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक. 'गॉन विथ द विंड' काढणारा हाच. त्यानं 'रेबेका'चे हक्क पन्नास हजार डॉलरला घेतले आणि हिचकॉकला अमेरिकेत बोलावलं. हिचकॉकनं आपल्या सवयीप्रमाणे कादंबरीत भरपूर फेरफार करून कच्ची पटकथा लिहवली. त्यात बोटीवर लोकांना ओकाऱ्या होतात असला विनोदही घातला होता! १९३९ च्या जूनमध्ये सेल्झनिकनं ती वाचली आणि त्याचं डोकंच फिरलं. त्यानं लांबलचक कानउघाडणी करणारं पत्र धाडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की लाखो लोकांना आवडलेली गोष्ट आपण विकत घेतली आहे, तर तीच दाखवायची.

त्या पत्रात सेल्झनिकचा सगळा जोर होता तो लहानसहान गोष्टींवर. नवी नवरी पाहुण्यांना बघून पळते. तिच्या हातून एक चिनीमातीची बाहुली फुटते आणि ती नोकरांच्या भीतीनं तुकडे लपवून ठेवते. अशा जागा वाचताना प्रत्येक बाईला आपलंच काहीतरी आठवतं, तेव्हा त्यातली एकही गाळायची नाही, असं त्यानं बजावलं. विचार करा, स्वतःच्याच घरात वस्तू फुटली म्हणून मालकीण तुकडे लपवते! सासरी पहिल्या महिन्यात हातून बरणी फुटलेल्या कोणत्याही मुलीला त्या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. रहस्यकथेचा जीव खुनात किंवा बंदुकीत असतो असं आपण समजतो. 'रेबेका'चा जीव या फुटक्या बाहुलीत होता आणि ते एका पुरुष निर्मात्याला उमगलं, हे विशेषच म्हणायचं.

पटकथा पुन्हा लिहिली गेली. श्रेयनामावलीत रॉबर्ट शेरवुड या नाटककाराबरोबर एका बाईचं नाव आहे, जोन हॅरिसन. हिचकॉकच्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून लागलेली ही हुशार मुलगी पुढे स्वतः निर्माती झाली.

चित्रीकरण सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये. युरोपात महायुद्धाला नुकतंच तोंड फुटलं होतं. मॅक्सिम झाला लॉरेन्स ऑलिव्हिए. नायिकेचं काम आपल्या प्रेयसीला, व्हिव्हियन लेला, मिळावं अशी त्याची इच्छा. पण ती होती तेजतर्रार. बुजरी, अंग चोरणारी मुलगी ती कुठून दिसणार? निवड झाली एकवीस-बावीस वर्षांच्या जोन फाँटेनची. ऑलिव्हिए तिच्याशी तुटक वागायचा. हिचकॉक तर तिला मुद्दाम सांगायचा की सेटवर तू कुणालाच आवडत नाहीस. का? तर तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती यावी म्हणून! पडद्यावर परिणाम झकास झाला. पण एका तरुण मुलीला आठवडेच्या आठवडे असं एकटं पाडणं बरोबर होतं का, हा प्रश्न आज विचारायलाच हवा.

हिचकॉकची करामत दिसते ती रेबेकाला न दाखवण्यात. सिनेमाभर ती एकदाही दिसत नाही, फोटोतसुद्धा नाही. नवरा बायकोला त्या शेवटच्या रात्रीची हकिगत सांगतो, तेव्हा रेबेका जिथून उठली, जिथून चालत गेली, तिथून रिकाम्या खोलीत नुसता कॅमेरा फिरतो. अंगावर काटा येतो. मिसेस डॅन्व्हर्स चालत येताना फारशी दिसतच नाही. नायिकेनं मान वळवावी तर ती शेजारी उभी! शेवटी मँडर्ली पेटते तेव्हा आकाशात धुराचं मोठं आर अक्षर उमटावं अशी सेल्झनिकची कल्पना होती. हिचकॉकनं तो थाट टाळला. रेबेकाच्या उशीच्या अभ्र्यावर भरतकाम केलेलं आर अक्षर ज्वाळांत जाताना त्यानं दाखवलं. एका बाईची गोष्ट भरतकामावर संपली, हे किती चपखल!

निसटलं ते काय?

आता खरी गोम. कादंबरीत मॅक्सिमनं रेबेकाला गोळी घालून मारलेलं असतं. ती त्याच्या म्हणण्याप्रमाणे बदफैली. आपल्या पोटात दुसऱ्याचं मूल आहे आणि तेच मँडर्लीचं वारस होईल, असं सुचवून तिनं त्याला डिवचलेलं. प्रत्यक्षात ती असाध्य आजारानं मरणारच होती. त्यानं तिला मारलं, होडीत ठेवलं आणि होडी बुडवली. आणि तो सुटतो. कायद्याच्या हाती लागत नाही.

हॉलिवूडला हे चालणार नव्हतं. त्या काळी तिथल्या चित्रपट कंपन्यांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली होती. पटकथा आधी त्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागे. तिथला नियम सरळ होता. खुन्याला शिक्षा व्हायलाच हवी. आता नायकाला फाशी द्यावी तर गोष्टच संपली. मग पटकथाकारांनी वाट काढली. सिनेमात रेबेका भांडताना अडखळून पडते, डोक्याला मार लागतो आणि मरते. मॅक्सिम घाबरून होडी बुडवतो, एवढाच त्याचा गुन्हा.

बदल पाच मिनिटांचाही नाही. पण त्यानं काय झालं बघा. कादंबरीतली ती बुजरी मुलगी नवऱ्याच्या तोंडून खुनाची कबुली ऐकते. आणि तिला पहिल्यांदा काय वाटतं? आनंद! नवऱ्याचं रेबेकावर कधीच प्रेम नव्हतं, एवढंच तिच्या कानात शिरतं. एका बाईचा जीव गेला, हे त्या क्षणी तिच्या मनाला शिवतही नाही. त्या रात्रीत ती मोठी होते, मिसेस डॅन्व्हर्सला हुकूम सोडू लागते आणि खुनी नवऱ्याच्या खोटेपणात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. आणि वाचणारी आपणही तो सुटावा म्हणून जीव मुठीत धरून बसतो! पुस्तक मिटल्यावर मग हळूहळू लाज वाटायला लागते. रेबेका कशी होती हे आपण कुणाकडून ऐकलं? तर तिला मारणाऱ्याकडून. तिची बाजू मांडायला कोण होतं?

मत्सर माणसाला कुठवर नेतो, हे डॅफ्नेला दाखवायचं होतं. सिनेमात मॅक्सिम निर्दोष निघाला आणि हा काटाच निघून गेला. लहान गोष्टी सेल्झनिकनं जिवापाड जपल्या, पण गोष्टीच्या मुळाशी असलेला अवघड प्रश्न नियमाच्या कात्रीत सापडला. सिनेमा उत्तम झाला यात शंका नाही. १९४० मध्ये तो प्रदर्शित झाला, अकरा ऑस्कर नामांकनं मिळाली आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच ठरला. डॅफ्नेलाही तो आवडला. 'जमैका इन'सारखी माती झाली नाही, हाच तिला दिलासा असावा. तिनं स्वतः 'रेबेका'चं नाटक लिहिलं होतं, तेही १९४० मध्येच लंडनच्या रंगभूमीवर आलं. त्याचा प्रयोग होत असलेलं थिएटर त्याच वर्षी जर्मन बॉम्बहल्ल्यात सापडलं.

मँडर्ली भाड्याची

युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, डॅफ्नेनं आपलं जुनं स्वप्न पुरं केलं. मेनाबिली भाडेकरारानं घेतलं. छप्पर गळकं, उंदीर, ओल. तिनं 'रेबेका'च्या कमाईतून ते घर राहतं केलं आणि तीन मुलांना घेऊन तिथं राहायला गेली. पुस्तकातल्या घरानं खरं घर मिळवून दिलं! पण ते कधी तिच्या नावावर झालं नाही. पंचवीसेक वर्षं राहून, जीव ओतून, शेवटी ते मालकांना परत द्यावं लागलं. मँडर्लीच्या नायिकेसारखीच तीही त्या घरात पाहुणीच ठरली.

यशाबरोबर झेंगटंही आलं. अमेरिकेतल्या एका लेखिकेच्या बाजूनं दावा दाखल झाला की 'रेबेका'ची कथा चोरलेली आहे. १९४७ मध्ये डॅफ्नेला न्यू यॉर्कच्या कोर्टात उभं राहावं लागलं. अनोळखी माणसांशी दोन वाक्यं बोलताना जिची जीभ अडखळायची, तिला भर कोर्टात सांगावं लागलं की ही गोष्ट मला कशी सुचली. म्हणजे कुठून सुरुवात करायची? नवऱ्याच्या जुन्या पत्रांपासून? दावा पुढच्या वर्षी फेटाळला गेला, पण या प्रकरणानं ती अगदी थकून गेली.

टॉमी युद्धात मोठ्या हुद्द्यावर चढला, नंतर राजघराण्याच्या सेवेत लंडनला राहू लागला. ती मेनाबिलीत, तो लंडनला. फक्त शनिवार-रविवारची भेट. अंतर वाढत गेलं. तिचंही मन अधूनमधून दुसरीकडे ओढलं गेलं होतं. १९५७ मध्ये टॉमी आजारानं कोसळला आणि त्याच सुमारास त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे तिला कळलं. वीस वर्षांपूर्वी ज्या संशयावर तिनं कादंबरी रचली, तो असा वेगळ्या रूपात दारात येऊन उभा राहिला. तिनं नवऱ्याला टाकलं नाही. १९६५ मध्ये तो गेला तोवर त्याच्याबरोबरच राहिली.

एवढ्यात तिच्या पुस्तकांवर सिनेमे निघतच होते. 'माय कझिन रेचल' ही १९५१ ची कादंबरी. रेचल खुनी की निष्पाप, हे डॅफ्नेनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. १९५२ च्या सिनेमात रेचल झाली ऑलिव्हिया द हॅव्हिलंड, म्हणजे जोन फाँटेनची सख्खी बहीण! पटकथा वाचून डॅफ्ने नाराज झाली होती. मग तिनं ठरवलं, आपणच लक्ष घालावं. 'द स्केपगोट'साठी तिनं अ‍ॅलेक गिनेस या नटाबरोबर निर्मितीत हात घातला. १९५९ मध्ये तो सिनेमा आला आणि तिची निराशाच झाली. मालकी हातात असली तरी सिनेमा हाती राहतोच असं नाही, हे तिला पटलं. 'द बर्ड्स' ही तिची कथा कॉर्नवॉलच्या एका गरीब शेतमजुराची. हिचकॉकनं १९६३ मध्ये ती उचलून कॅलिफोर्नियात नेली आणि त्यात श्रीमंत नायिका आणली. पक्षी तेवढे राहिले! डॅफ्नेला ते मुळीच रुचलं नाही. मनापासून आवडला तो निकोलस रोगचा 'डोन्ट लुक नाऊ', १९७३ सालचा. त्यानंही बदल केले होते, पण लेक गमावलेल्या आईबापांचं दुःख त्यानं नीट ओळखलं होतं.

आपल्याकडची मँडर्ली

'रेबेका' हिंदीत आली १९६४ मध्ये. सिनेमा 'कोहरा', दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते संगीतकार हेमंतकुमार. वहिदा रेहमान नवी नवरी, बिश्वजित नवरा. आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी दाईमाँ झालेल्या कोण होत्या, आठवतंय? आपल्या ललिता पवार! खाष्ट सासू म्हणून त्यांना घरोघरी शिव्या बसायच्या. इथं त्या नुसत्या नजरेनं नव्या सुनेला गारठवून टाकतात. इंग्लंडातली घरकाम बघणारी बाई हिंदीत दाई झाली आणि गोष्ट आपल्या घरात सहज बसली. कारण आपल्याकडे जुन्या दाईचा शब्द सुनेपेक्षा जड असणं नवीन नव्हतं. आणि हो, इथं नायिकेला नाव मिळालं, राजेश्वरी. आपल्या सिनेमात बिननावाची नायिका कशी खपणार?

डॅफ्नेला १९६९ मध्ये डेम हा किताब मिळाला. त्याच वर्षी मेनाबिली सोडून ती जवळच्या किलमार्थ या घरात गेली. १९७७ मध्ये महायुद्धावरचा 'अ ब्रिज टू फार' हा सिनेमा आला. त्यात टॉमीचं पात्र होतं आणि पराभवाचा दोष त्याच्यावर येईल अशा तऱ्हेनं रंगवलेलं. डॅफ्ने फार दुखावली. आयुष्यभर तिनं कल्पनेतल्या माणसांचं पडद्यावर काय होतं ते पाहिलं होतं. आता स्वतःचा गेलेला नवरा दुसऱ्यांच्या गोष्टीत सापडला होता आणि त्याची बाजू मांडायला तो नव्हता. रेबेकाचंही तेच झालं होतं, नाही का?

शेवटच्या वर्षांत लिहिणं आटलं. लिहिता येईना तशी तिची जगण्यातली गोडीच गेली. १९ एप्रिल १९८९ रोजी, एक्क्याऐंशी वर्षांची असताना, किलमार्थला झोपेतच ती गेली. तिची रक्षा तिच्या लाडक्या कॉर्नवॉलच्या कड्यांवर विखुरली गेली.

२०२० मध्ये 'रेबेका' पुन्हा एकदा पडद्यावर आली. आता ती जुनी आचारसंहिता उरलेली नाही, त्यामुळे या सिनेमात मॅक्सिम रेबेकाला गोळीच घालतो. ऐंशी वर्षांनी डॅफ्नेचा खून तिला परत मिळाला म्हणायचा. तरीही लोकांना आठवतो तो जुना, काळा-पांढरा सिनेमाच. तो जरूर बघा, 'कोहरा'ही बघा. पण जमलं तर मूळ कादंबरी मिळवून वाचा आणि नवऱ्याच्या कबुलीचं ते प्रकरण आलं की जरा थांबा. ती बिननावाची मुलगी आनंदली, तेव्हा आपल्यालाही हायसं वाटलं की नाही, हे स्वतःला विचारा. डॅफ्नेनं हा प्रश्न आपल्यासाठीच ठेवला होता आणि तो अजून तरी कुठल्या सिनेमात पुरता मावलेला नाही.